जुन्या मारुती ८०० चं हेड गॅस्केट: आधी खात्री, मग पाना

गाडी गरम झाली म्हणजे हेड गॅस्केट उडालं, असं नसते राजेहो. नागपूरच्या सक्करदऱ्यात माझं गॅरेज आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की बॉनेट उघडून येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचं गॅस्केट शाबूत निघते. कुणाच्या रेडिएटरच्या झाकणाचं रबर गेलेलं, कुणाचा पंखाच फिरत नाही. मानेवाड्याच्या एका काकूंना कुठल्याशा मेकॅनिकनं हेड खोलायचा खर्च सांगितला होता. त्यांची गाडी नव्या झाकणावर बरी झाली. म्हणून हेडच्या बोल्टला पाना लावण्याआधी खात्री करा. मी इथे कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० धरून सांगतो, कारण माझ्याकडे तीच जास्त येते: तीन सिलिंडर, ७९६ सीसी, अ‍ॅल्युमिनियमचं हेड. फियाट असो की जीप, तपासायची रीत हीच.

हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ब्लॉक म्हणजे सिलिंडर असलेला खालचा भाग. त्यांच्या मधलं हे पातळ गॅस्केट सिलिंडरमधला जाळ, पाणी आणि ऑइल या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवते. ते कुठं फाटलं त्यावर लक्षण ठरते. जाळ पाण्यात घुसला तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि पाणी बाहेर फेकलं जाते. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पांढरा धूर, आणि सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी दोनच सिलिंडरवर थडथडते. दोन सिलिंडरच्या मधोमध फाटलं तर गाडी थडथडते, जोर जातो, पण पाणी एक थेंबही कमी होत नाही. इथेच भले भले फसतात आणि कार्ब्युरेटर खोलत बसतात.

धुराचं पाहा. डिसेंबरच्या सकाळी नागपुरात सगळ्याच गाड्या पांढरा धूर सोडतात, ती वाफ असते. इंजिन तापल्यावर ती थांबली पाहिजे. तापल्यावरही दाट पांढरा धूर निघून राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव) जळून राहिलं आहे. ऑइलच्या झाकणाखाली साय धरलेल्या चहासारखा फिकट थर दिसला की लोक घाबरतात. पावसाळ्यात जी गाडी रोज महालातून बर्डीपर्यंतच जाते, तिच्या झाकणाला असा थर येतोच. इंजिन पुरतं तापत नाही आणि वाफ आत जमते. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढून पाहा. तिथलं ऑइलही दुधाळ असेल आणि पातळी वर चढली असेल, तर पाणी खरंच ऑइलमध्ये गेलं आहे. मग गाडी चालवून गॅरेजात आणू नका, ओढून आणा. असलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकते.

आता घरी करता येणारी तपासणी. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा. गरम इंजिनवर झाकणाला हात लावायचा नाही, तोंड भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. पाणी काठोकाठ भरा, झाकण न लावता गाडी चालू करा. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे येतील. ती अडकलेली हवा, ती थांबते. रेस दिल्यावर बुडबुडे वाढले आणि थांबायचं नाव घेत नसतील, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येऊन राहिला आहे. दुसरी खूण वरच्या होज पाइपची: झाकण लावून गार गाडी चालू केली आणि पाणी तापायच्या आधीच पाइप दगडासारखा कडक झाला, तर तो दाब वाफेचा नव्हे, सिलिंडरचा. अजून शंका असली तर रेडिएटरच्या तोंडावर धरायचं निळं टेस्टर लिक्विड मिळते. पेट्रोल गाडीत जळका गॅस लागला की ते पिवळं पडते.

कंप्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) असेल तर फारच उत्तम. इंजिन थोडं गरम असावं, तिन्ही प्लग काढावे, कॉइलची वायर काढून ठेवावी, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले दिसले तर गॅस्केटवर बोट ठेवा. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंग गेल्या. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. काढलेले प्लगही पाहून घ्या. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जाते.

इतकं करून गॅस्केटच ठरलं, तर खोला. बॅटरीची निगेटिव्ह काढा. कूलंट उघड्यावर सोडू नका; ते गोड असते, गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात. टायमिंगच्या खुणा जुळवून मग बेल्ट उतरवा, आणि प्रत्येक पाइप काढण्याआधी मोबाइलनं फोटो काढा. कार्ब्युरेटरचे व्हॅक्यूम पाइप रात्री अकरा वाजता आठवत नाहीत. सायलेन्सरच्या बाजूचे नट गंजलेले असतात, त्यांना आदल्या रात्रीच तेल मारून ठेवा. हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण गार झाल्यावरच, बाहेरून आत, थोडे थोडे ढिले करा. गरम अ‍ॅल्युमिनियम हेड सोडलं की वाकते. हेड निघत नसेल तर लाकडी ठोकळ्यानं हलवा, मध्ये पेचकस घालू नका. पडलेली खाच पुढच्या गॅस्केटला भोवते.

निघालेलं गॅस्केट फेकू नका, उजेडात धरा. जिथून जाळ निसटला तिथं काळी रेघ असते.

आणि आता सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. हेड साफ करून त्यावर सरळ पट्टी ठेवा. लांबीत, आडवी आणि दोन्ही तिरक्या कोनांत, खाली फीलर गेज (ठरलेल्या जाडीची पातळ पानं) घालून. ८०० च्या हेडला ०.०५ मिमी ची मर्यादा आहे. तेवढं पान आत सरकलं तर लेथवाल्याकडे हेड फेस करायला, म्हणजे घासून सपाट करायला द्या, आणि ब्लॉकवरही तीच पट्टी फिरवा. जे गॅस्केट काही महिन्यांत परत उडते, ते बहुतेक या कंटाळ्यामुळे. फेस मारताना लागेल तेवढंच काढायला सांगा, जास्त काढलं तर कंप्रेशन वाढून गाडी नॉकिंग करते. हेड फार तापलं असेल तर तडा गेला का याची प्रेशर टेस्टही करून घ्या.

ब्लॉकचा पृष्ठभाग पॉलिश पेपरनं घासू नका, त्याची कणी ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते. प्लास्टिकची पट्टी आणि थिनर पुरते. बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल राहू देऊ नका. बोल्ट कसताना ते दाबलं जाते, टॉर्क (कसण्याचा जोर) खोटा दिसतो आणि ब्लॉक फुटूही शकतो. नवीन गॅस्केट कोरडंच बसवा, पाकिटावर वेगळं लिहिलं नसेल तर. कुठली बाजू वर, ते त्याच्यावर छापलेलं असते. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं (जोर मोजणाऱ्या पान्यानं) कसा. "हाताला कळते" म्हणणाऱ्याला नम्रपणे बाजूला बसवा. आकडा आपल्या इंजिनच्या मॅन्युअलमधलाच घ्या. नंतर टायमिंग बेल्ट नवा टाका, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करा. ऑइल आणि फिल्टर बदला. ऑइल दुधाळ झालं होतं तर थोडी गाडी चालवून परत एकदा बदला.

पण गॅस्केट उडालं काऊन? ते न शोधता बोल्ट कसणं म्हणजे पैसे वाया. आपल्याकडे पहिला संशयित बोअरिंगचं पाणी. त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत जमतो, नळ्या बुजतात. कूलंट आणि बॅटरीवालं डिस्टिल्ड पाणीच भरा, रेडिएटर रॉड मारून साफ करून घ्या. दुसरा, "उन्हाळा आहे" म्हणून काढून टाकलेला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं तापमान सांभाळणारी पाण्याची झडप. तो परत बसवा. तिसरा, पंख्याचा बिघडलेला स्विच बदलायच्या ऐवजी डॅशबोर्डवर लावलेलं बटण. व्हरायटी चौकात जाम लागला, फोन वाजला, बटण दाबायचं राहिलं, झालं. रेडिएटरच्या बारीक गळतीला हळद टाकायची जुनी युक्ती आहे, अडचणीत घरापर्यंत पोचवते. गॅस्केटला मात्र हळदही नाही आणि बाटलीतलं सीलरही नाही. दोन्ही नळ्या बुजवतात.

कूलंट भरताना झाकण उघडं ठेवून, पंखा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा म्हणजे हवा निघते. मग बुटीबोरीपर्यंत एक फेरी मारा, आणि जमल्यास रामटेकचा गड चढवून पाहा, कारण काही गळती लोड आल्याशिवाय दिसत नाही. पुढचे काही दिवस सकाळी गार इंजिनवर पातळी बघा. सुरुवातीला जरा उतरेल, उरलेली हवा निघते म्हणून. आठवड्यानंतरही उतरून राहिली तर आधी होजच्या क्लिपा आणि वॉटर पंपाखालचं भोक पाहा, मगच माझ्याकडे या.