थंडी सरताना मधपेटीला खायला घालायचंय? आधी पेटी उचलून बघा

थंडीत पेटी तगली म्हणजे आता सुटलो असं वाटतं ना, तिथेच फसगत होते. उपासमारीने ज्या पेट्या जातात त्यातल्या बऱ्याच थंडी सरता सरता, फुलोरा अगदी तोंडावर आलेला असताना जातात. कारण साधं आहे, भर थंडीत राणीचं अंडी घालणं जवळजवळ बंद असतं, माश्या एकमेकींना बिलगून गोळा करून बसतात आणि मध पुरवून पुरवून खातात, पण दिवस मोठा व्हायला लागला की राणी परत सुरू होते, अळ्या येतात आणि अळ्या आल्या की ती जागा चोवीस तास ३४-३५ अंशांवर ठेवावी लागते, आणि त्या उबेला जळण कुठलं तर मधच. म्हणजे तोंडं वाढली, शेगडी पेटली आणि बाहेर फुलाचा पत्ता नाही. तेवढा खड्डा भरायला खाणं घालायचं, त्याच्यापलीकडे नाही.

म्हणून साखर भिजवायच्या आधी पेटी मागच्या बाजूने दोन बोटं उचलून बघा. जड, जमिनीला चिकटल्यासारखी लागली तर काही करू नका, उगाच लाड नकोत. पटकन वर आली तर समजा डबा रिकामा होत आलाय. लँगस्ट्रॉथची (सुट्या चौकटींची नेहमीची मधपेटी) खोल फ्रेम, म्हणजे पोळ्याची चौकट, दोन्ही बाजूंनी सीलबंद भरली तर साधारण अडीच-तीन किलो मध असतो, त्या हिशोबाने अंदाज बांधायचा, मी दोन फ्रेमपेक्षा कमी मध दिसला की थांबत नाही.

आणि मध आहे एवढंच पुरेसं नाही, तो कुठे आहे तेही बघा. माझी एक पेटी अशीच गेली. उघडली तर मुठीएवढा मेलेल्या माश्यांचा पुंजका, निम्म्यांची डोकी रिकाम्या घरांत खुपसलेली, नुसती टोकं बाहेर, आणि दोन फ्रेम सोडून पलीकडे सीलबंद मध जसाच्या तसा. गारठ्यात गोळा सोडून त्या तिथवर जाऊच शकत नाहीत. तेव्हा जरा ऊन पडलं, १४-१५ अंश झालं की पटकन उघडून मधाची फ्रेम गोळ्याला खेटून आणून ठेवा (ब्रूडच्या, म्हणजे अंडी-अळ्यांच्या घरांच्या, मध्ये नाही हां, कडेला). कितीतरी वेळा एवढ्यानेच भागतं.

आता काय घालायचं. बाहेर १० अंशांच्या खाली असेल तर पातळ काहीही नको, थंडगार साखरपाण्याला त्या तोंड लावत नाहीत आणि लावलं तरी त्यातलं पाणी आटवायचं काम वाढतं, पेटीत ओल धरते. अशा वेळी फाँडंट (साखरेचा मऊ घट्ट गोळा), नाहीतर सरळ फ्रेमवर कागद टाकून त्यावर कोरडी साखर, वरून जरासं पाणी शिंपडलेली, बरोब्बर गोळ्याच्या डोक्यावर. दिसायला अगदीच जुगाड वाटतो पण चालतो.

हवा उबदार झाली की मग साखरपाणी, वजनाने १:१. एक किलो साखर आणि एक लिटर पाणी घेतलं की साधारण १.६ लिटर होतं. २:१ चं (साखर पाण्याच्या दुप्पट) दाट साठवणीसाठी असतं, ते थंडीच्या आधी. पाणी गरम करा, गॅस बंद करा, मग साखर टाकून ढवळा, पाक उकळत ठेवू नका, साखर करपली की माश्यांना बाधते, आणि लिंबू-व्हिनेगर टाकून शिजवायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका, त्यानेही नको ते पदार्थ तयार होतात. साखर पांढरीच. गूळ, काकवी, ब्राऊन शुगर आपल्यासाठी चांगली असेल, माश्यांना त्यातलं पचत नाही, आणि गारठ्यामुळे बाहेर जाता येत नसलं की पेटीतच जुलाब. दुकानातला किंवा दुसऱ्या कोणाच्या पेटीतला मधही नको, त्यातून फाउलब्रूडचे (अळ्या सडवणारा रोग) बीजाणू येऊ शकतात आणि ते पुढची कित्येक वर्षं जिवंत राहतात.

बरणी वापरत असाल तर झाकणाला बारीक भोकं पाडा, उलटी धरा, पहिले चार थेंब पडून गळणं थांबलं पाहिजे, थांबलं नाही तर ती बरणी पेटीवर ठेवू नका, खालची ब्रूड भिजून गारठते. फ्रेम फीडर (फ्रेमच्या जागी बसणारं साखरपाण्याचं भांडं) असेल तर आत काटक्या नाहीतर तरंगणारं काहीतरी टाकाच, नाहीतर सकाळी बुडालेल्या माश्या गाळायचा कार्यक्रम.

घालायचं संध्याकाळी, सगळ्या घरी परतल्यावर. मी एकदा भर दुपारी घातलं आणि वर थोडं सांडलंही, अर्ध्या तासात शेजारच्या दांडग्या पेटीतल्या माश्या येऊन तुटून पडल्या, दारात नुसती मारामारी, दार बोटभर करेपर्यंत कमजोर पेटी लुटून झाली होती. तेव्हापासून आधी दार लहान, मग फीडर.

किती आणि कधीपासून, हे जरा हिशोबाचं आहे. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला २१ दिवस, त्यानंतर ती मकरंद आणायला जायला साधारण आणखी तीन आठवडे. म्हणजे मोठ्या फुलोऱ्यात फौज हवी तर सहा आठवडे आधी सुरुवात. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा लिटर, थोडं थोडं, म्हणजे राणीला वाटतं बाहेर मकरंद सुरू झाला. पण एकदा वाढवायला लागलात की मध्येच हात आखडता घेऊ नका, ब्रूड वाढवून ठेवून खाणं बंद करणं हे न घालण्यापेक्षा वाईट. उलट अती केलं, भसाभसा ओतलं, तर ब्रूडची घरंच भरून टाकतात, राणीला जागा उरत नाही आणि पेटी लवकर फुटते, म्हणजे माश्यांचा थवा राणीला घेऊन उडून जातो.

नुसत्या साखरेने अळ्या वाढत नाहीत हेही लक्षात असू द्या, त्यांना भरवायला दाई माश्यांना पराग लागतो. दारातून पायांवर रंगीत गोळ्या घेऊन माश्या येताना दिसत असतील तर चिंता नाही. नसतील तर सोयापीठ-यीस्टची पॅटी ब्रूडच्या अगदी वर ठेवा, लहान तुकडा, आठवड्यात संपेल एवढाच.

बाहेर मकरंद यायला लागला की त्या साखरपाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, तेव्हा फीडर काढा, धुवा, मगच सुपर (आपल्यासाठीचा मध भरायचा वरचा कप्पा) चढवा. सुपर असताना साखरपाणी घातलंत तर ते मधात जातं आणि मग तो मध मध राहत नाही.

आणि पेटी उघडल्यावर माश्या निपचित पडलेल्या दिसल्या तर लगेच झटकून टाकू नका. कोमट साखरपाणी स्प्रेने हलकेच मारा, झाकण लावा, तासाभराने बघा. सगळ्याच मेलेल्या नसतात.