जुन्या गाडीत पेट्रोलचा वास? या चुका टाळा

'जुनी गाडी म्हटलं की थोडा वास यायचाच' हे मला पटत नाही. गाडी ५० वर्षांची असली तरी धडधाकट असेल तर तिला पेट्रोलचा वास येत नाही. येतोय म्हणजे कुठून तरी गळतंय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, आणि उणे ४० अंश सेल्सिअसच्या थंडीतही ठिणगीने पेट घेऊ शकते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वास कधी येतो हे न बघता पाना उचलणं. ती मी केली आहे. इंजिनकडचे सगळे होज, म्हणजे पेट्रोलच्या रबरी नळ्या, बदलले, फिल्टर बदलला, कार्बोरेटरची (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची) गॅस्केट, म्हणजे जोडातून गळू न देणारी चकती, बदलली. दोन रविवार गेले आणि वास जिथल्या तिथे. मग वही घेतली आणि रोज लिहायला लागलो: टाकीत पेट्रोल किती, इंजिन गरम की थंड, वास कधी आला. आठवड्याभरात उलगडा झाला. वास यायचा तो फक्त टाकी काठोकाठ भरल्यावर, तेही वळणावर. डिकीचं अस्तर काढलं, तर पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीकडे जाणारा जाड होज खालच्या अंगाने तडकलेला. वरून बघाल तर नवाकोरा! तेव्हापासून आधी वही, मग पाना.

टाकी भरल्यावर वास आला तर हा होज, झाकणाचं वॉशर आणि टाकीवरच्या फ्लोट युनिटची (पेट्रोल किती आहे ते मोजणाऱ्या भागाची) गॅस्केट बघा. गरम इंजिन बंद केल्यावर आला तर कार्बोरेटरची नीडल आणि फ्लोट, म्हणजे आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई आणि तिला हलवणारा तरंगता भाग.

दुसरी चूक, होज धरून ठेवणारी क्लिप आवळत बसणं. कडक झालेला होज आवळला की क्लिपची धार रबरात रुतते आणि चीर वाढते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर आणखी लवकर खराब होतं. होज वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या तर बदला, तोही इथेनॉल चालेल असाच. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बोरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीला जास्त दाबाचाच होज लागतो, आणि तिथे पेट्रोलची लाइन उघडण्याआधी दाब उतरवावाच लागतो. नवशिक्यांना ही पायरी गाळायची फार घाई असते. तोंडावर पेट्रोलचा फवारा उडतो तो इथेच.

साधा सिलिकॉन लावू नका, पेट्रोलमध्ये तो फुगून सुटतो. तारेवरचा बल्ब घेऊन गाडीखाली जाऊ नका. रिकाम्या टाकीला घरी वेल्डिंग तर कधीच नको, आतल्या वाफेचा स्फोट होतो.

नाकावर फार विसंबू नका, पाच मिनिटांत ते सरावतं. मी बॅटरीची निगेटिव्ह काढतो, गॅरेजचं दार उघडं ठेवतो, अग्निशामक हाताशी घेतो आणि प्रत्येक जोडावरून पांढरा टिशू फिरवतो. दुरुस्ती झाली की टाकी भरून थोडं फिरवून आणतो आणि गाडी रात्रभर उघड्यावर, खाली पुठ्ठा अंथरून ठेवतो. सकाळी पुठ्ठा कोरडा निघाला तरच अस्तर परत बसवतो.