पहिली अ‍ॅनिमेशन शॉर्टफिल्म करताय? पिंटरेस्ट आधी बंद करा

स्टोरीबोर्ड (शॉटची चित्रं), अ‍ॅनिमॅटिक (तीच चित्रं वेळेवर लावून केलेला कच्चा व्हिडिओ), अ‍ॅनिमेशनची बारा प्रिन्सिपल्स म्हणजे मूळ तत्त्वं, हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही. नवीन पोरं-पोरी मला सगळ्यात जास्त विचारतात ते म्हणजे आयडिया कुठनं आणायची. आयडिया सगळ्यांकडं असते ओ, ती पडद्यावर दिसणार कशी तिथं घोडं अडतं.

माझी फिल्म तालमीतल्या एका बारक्या पैलवानावर आहे. कोल्हापुरात राहून कुस्ती सुचायला काही डोकं लागत नाही, ते सोडा. पण सुचल्या सुचल्या मी पिंटरेस्ट, म्हणजे ते चित्रं शोधून साठवायचं अ‍ॅप, उघडलं आणि जपानी अ‍ॅनिमेतल्या मारामाऱ्या, युरोपातल्या स्टुडंट फिल्मचे कलर, असलं सगळं गोळा करत बसलो. हे नीट वाचा आता. तयार अ‍ॅनिमेशन बघून अ‍ॅनिमेशन केलं की दुसऱ्यानं घेतलेले निर्णय तुमच्या फिल्ममध्ये येतात. त्यानं खरा माणूस बघितला, काय ठेवायचं, काय टाकायचं, काय वाढवायचं ते ठरवलं, आणि ते त्याच्या गोष्टीसाठी ठरवलं. त्यानं जे टाकलं ते तुम्हाला कधी दिसतच नाही, आणि तुमच्या गोष्टीला नेमकं तेच लागत असतं. कॉपी छान जमली तर अजूनच वाईट, कारण मग चुकलंय कुठं तेच कळत नाही. एआयनं काढलेले मूडबोर्ड (फिल्मचा रंग-मूड दाखवणारी चित्रांची जुळणी) तर मला बघवतच नाहीत, पण ते माझं मत.

टेस्ट शॉट घेऊन तालमीत गेलो. वस्तादांनी एकदाच बघितला आणि म्हणाले, "बाळ, ह्याच्या पायाखाली माती हाय का फरशी?"

संपला विषय. पैलवान घसरत होता, अंगात वजनच नव्हतं. क्लासातले सर मात्र "तुझी स्टाईल शोध" एवढंच म्हणायचे. ज्या मेंटॉरला सॉफ्टवेअरपलीकडं काही बोलता येत नाही त्याला फी देऊ नका, स्पष्ट सांगतो.

मग सकाळी तालमीत नुसतं बसायला लागलो. ताक, तेल, हळद, लिंबू घालून उकरलेली लाल माती मऊ असते, पाय आत जातो, त्यामुळं पाऊल उचलायला जरा वेळ लागतो. शड्डू ठोकायच्या आधी हात किती वर जातो ते बघा, पुस्तकातली अँटिसिपेशन, म्हणजे हालचालीआधीची उलटी तयारी, ती हीच. ढाक हा डाव मारताना कंबर आधी वळते. आणि हरलेलं पोरगं उठताना अंगावरची माती झाडतं पण कुणाकडं बघत नाही, माझ्या फिल्मचा शेवट तिथनं आला.

मोबाईलवर शूट करा, पण फ्रेमवर फ्रेम ठेवून ट्रेस करू नका, वजन परत गायब होतं. दोन-तीनदा बघा, मोबाईल खिशात टाका, मग आठवून काढा. सेकंदाला १२ ड्रॉइंग धरली तर पाच मिनिटांची ३६०० होतात, आकडा बघून माझंही पोट दुखलं होतं, अजूनही दुखतं. दोन मिनिटांची करा की! कुणी विचारत नाही लांबी.

आणि साधनं नाहीत म्हणून रडू नका. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे तिथनं आपण रोज गाडी मारतो. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथं कोल्हापुरातच स्वतः बनवला आणि १९२० ला 'सैरंध्री' हा मूकपट काढला. आपल्याला ब्लेंडर, क्रिटा असली अ‍ॅनिमेशनची सॉफ्टवेअर फुकटात आहेत, तरी लॅपटॉप स्लो म्हणून आपण बसून.

तालमीत जाणार असाल तर आधी वस्तादांना विचारा, चपला बाहेर काढा, आणि शूट केलेल्या पोरांचे चेहरे रीलवर टाकू नका, नायतर दुसऱ्यांदा आत घेणार नाहीत.