रिसर्च पेपरचा विषय ठरवायच्या आधीची तयारी

सरांकडे जायच्या आधी एक वही घ्या आणि तिच्यात विषय लिहू नका, प्रश्न लिहा, ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह येतं तसला. मी पहिल्यांदा 'गोव्यातल्या खाणबंदीचे परिणाम' घेऊन गेलेले, म्हणजे 2012 ची बंदी, मग 2018 ला सुप्रीम कोर्टाने खाणींची 88 लीज रद्द केली ते, ट्रकवाले, बार्जवाले, गावं, सगळंच. सर म्हणाले, बाय, पेपर पंधरा पानांचा आहे ना? झालं, परत घरी.

विषय मिळाला तो डिचोलीला मावशीच्या पासबुकात. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याला 1500 येतात, त्या प्रत्येक एंट्रीपुढे तिने पेन्सिलीने बारीक लिहून ठेवलेलं, 'गॅस', 'ट्यूशन', परत 'गॅस', आणि एका ठिकाणी नुसतं 'चवथ', म्हणजे गणपती. महागाईत घर चालवायला गृहिणीच्या हातात पैसे असावेत म्हणून ही योजना 2012 मध्ये आली, पण ते कशावर जाणार हे घरात ठरवतं कोण? हा झाला प्रश्न. (मावशीला सँपलमध्ये घेऊ नका, ती तुम्हाला बरं वाटेल तेच सांगणार.)

आता कागद. योजनेची मूळ अधिसूचना आणि नंतरचे बदल हातात हवेत, बातमीच्या कात्रणावर भागत नाही, कारण रक्कम सुरुवातीला 1000 होती आणि उत्पन्नाची 3 लाखांची अट वगैरे शब्दन् शब्द बघावी लागते. जुनी वर्तमानपत्रं पणजीला पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत चाळा. आरटीआय टाकणार असाल तर उत्तराला 30 दिवस धरा, अपील करावं लागलं तर आणखी, म्हणजे सबमिशनच्या तारखेवरून उलटं मोजा, आदल्या आठवड्यात अर्ज टाकून काय उपयोग!

मुलाखतींसाठी गाव असा घ्या की कदंबाच्या बसने जाऊन संध्याकाळी घरी पोचता येईल. बायका कोकणीत बोलणार, तुम्ही मराठीत लिहिणार, तेव्हा त्यांचा शब्द आहे तसा टिपून ठेवा आणि नावं लिहिणार नाही हे आधीच सांगा.

गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यावर, म्हणजे कोकणी-मराठी वादावर, लिहायचा मोह मलापण झालेला, पण निष्कर्ष आधीच ठरलेला असला तर राहू दे.

आणि वहीत दुसरा प्रश्न असू द्या, पहिला सरांनी उडवला तर. माझा मुंडकारांचा आहे, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर असलेल्यांचा, 1975 चा कायदा असून घर नावावर व्हायला मामलेदाराकडे किती खेपा लागतात तो.