मिउरा घडी: एका ओढीत उघडणारा कागद

काटकोनात घड्या घातलेला नकाशा नेहमी घड्या छेदतात तिथेच फाटतो, आणि पुन्हा मिटताना कोणती घडी आधी घालायची याचा घोळ होतो. जपानी अवकाश-अभियंते कोरिओ मिउरा यांनी एका दिशेच्या घड्या थोड्या तिरक्या केल्या, तेव्हा सगळ्या घड्या एकमेकींशी बांधल्या गेल्या: एक हलली की सगळ्या हलतात. १९९५मध्ये जपानच्या ‘स्पेस फ्लायर युनिट’ यानावरच्या प्रयोगात सौर पॅनेल याच घडीने उलगडले. ही रचना संगणकावर पाहून पुरती कळत नाही, बोटांनी घालूनच कळते.

८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) ए४ कागद (२१० × २९७ मिमी), स्टीलची पट्टी, पेन्सिल आणि शाई संपलेले बॉलपेन घ्या. कार्डशीट पहिल्यांदा नको. पाच थर एकदम दुमडताना आतले थर सरकतात.

दोन्ही आखूड कडांवर दर ४२ मिमीला खूण करून चार समांतर रेषा बॉलपेनने दाबून ओढा. साडीच्या निऱ्या घालतात तशा, एक पुढे एक मागे, घड्या घाला. ४२ मिमी रुंद, २९७ मिमी लांब कागदी पट्टी मिळेल.

पट्टीच्या एका लांब कडेवर ४२, ८४, १२६, १६८, २१० आणि २५२ मिमीला खुणा करा. समोरच्या कडेवर प्रत्येक खूण ७ मिमी पुढे: ४९, ९१, १३३, १७५, २१७, २५९. जोड्या जुळवून सहा तिरक्या रेषा ओढा. प्रत्येक रेषेवर स्टीलची पट्टी ठेवून पाचही थर एकत्र दुमडा, नखाने घट्ट दाबा, मग तीच घडी उलट्या बाजूलाही घाला. ही उलटी घडी टाळू नका; पुढे निम्म्या घड्यांची दिशा बदलायची आहे, आणि एकाच बाजूला मुरलेला कागद ऐकत नाही.

आता कागद पूर्ण उघडा. आडव्या दिशेला सहा नागमोडी रेषा दिसतील. पहिली, तिसरी, पाचवी टोकापासून टोकापर्यंत वर उचला (डोंगर); दुसरी, चौथी, सहावी खाली दाबा (दरी). सरळ रेषांवर मात्र डोंगर आणि दरी आळीपाळीने येतात. एक ओळ पूर्ण मिटून पुढे जाऊ नका. सगळा कागद थोडा थोडा, चारी बाजूंनी आत घ्या.

एखादा भाग अडला तर जवळचा छेदबिंदू तपासा. तिथे चार घड्या भेटतात: तीन एका प्रकारच्या, एक विरुद्ध. दोन-दोन दिसल्या तर त्यातली एक नक्की उलटी आहे.

मिटलेल्या गठ्ठ्याचे समोरासमोरचे कोपरे धरून ओढा. कागद लांबीत आणि रुंदीत एकदमच पसरेल. रुंदीत ५ पट्ट्या आणि लांबीत सहा रेषांनी झालेले ७ भाग, हे दोन्ही आकडे विषम असल्यामुळे कर्णावरचे कोपरे गठ्ठ्याच्या बाहेरच्या दोन बाजूंना येतात, म्हणून ते हाती लागतात.

तिरकसपणा ७ऐवजी ३ मिमी केला तर गठ्ठा आटोपशीर होतो, पण छेदबिंदू जवळजवळ एकावर एक येऊन तिथे जाडी साचते. १५ मिमी केला तर घडी सहज हलते, गठ्ठा मात्र पसरट होतो.

पुठ्ठ्यावर करायचे असेल तर तुकडे वेगळे कापून सुती कापडावर चिकटवा. पुठ्ठे एकमेकांवर मिटतात त्या घडीत जाडीच्या दुपटीहून थोडी जास्त फट हवी: १ मिमी पुठ्ठ्याला ३ मिमी. कापड आत येते त्या घडीला फट लागत नाही.