कॉर्सिया उत्सर्जन अहवाल: व्यावसायिक माहिती गोपनीय कशी ठेवावी

विमान कंपनीने डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) दिलेला उत्सर्जन अहवाल आपोआप गोपनीय होत नाही. कॉर्सिया ही आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या कार्बन उत्सर्जनाची भरपाई करण्याची योजना; तिच्या नियमांत (शिकागो कराराचे परिशिष्ट १६, खंड ४) गोपनीयता लेखी मागावी लागते, आणि तिला दोनच परिस्थितींत वाव आहे. कंपनी मोजक्याच देशजोड्यांवर (ज्या दोन देशांदरम्यान उड्डाणे होतात त्यांची जोडी) उडत असेल, तर कंपनीनिहाय आकडा छापू नये असे सांगता येते. एखाद्या देशजोडीवर मोजक्याच कंपन्या असतील, तर त्या जोडीचा आकडा छापू नये असे सांगता येते.

अर्जात नुकसान कसे होते ते गणित करून दाखवा. समजा एका जोडीवर दोनच कंपन्या आहेत. छापलेल्या बेरजेतून दुसरीने स्वतःचा आकडा वजा केला की तुमचा उरतो, समजा ३१,६०० टन कार्बन डायऑक्साइड. एक टन जेट इंधन जळले की ३.१६ टन कार्बन डायऑक्साइड धरला जातो, म्हणून त्याला ३.१६ ने भागले की जेट इंधन निघते: १०,००० टन. वेळापत्रक सगळ्यांसमोर आहेच. वर्षाच्या १,००० फेऱ्यांनी भागले की फेरीमागे १० टन. म्हणजे तुमचा सर्वांत मोठा खर्च स्पर्धकाच्या हाती. 'स्पर्धात्मक हिताला बाधा' एवढेच लिहिलेला अर्ज टिकणे कठीण, कारण निर्णय सरकारचा असतो आणि त्याला कारण लागते.

अर्ज अहवालासोबतच द्या. अहवालाची मुदत ३१ मे. ३१ जुलैपर्यंत सरकार माहिती आयकाओकडे (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे) पाठवते, त्यानंतर धावपळ व्यर्थ. अहवाल तपासणारी पडताळणी संस्थाही तो स्वतंत्रपणे सादर करते, म्हणून तिच्या प्रतीवरही गोपनीयतेची खूण हवी. हे हमखास राहून जाते. मान्यता मिळाली तरी आकडा नाहीसा होत नाही; तो नाव न देता एकत्रित बेरजेत जातो.

माहिती अधिकाराची वाट वेगळी आहे, तिथे वरची मान्यता पुरेशी धरू नका. २००५ च्या कायद्यातील कलम ८(१)(घ) व्यावसायिक गुपितांना संरक्षण देते, पण व्यापक जनहित असेल तर माहिती खुली होऊ शकते. माहिती उघड करण्याआधी तुमचे म्हणणे मागणारी कलम ११ ची नोटीस मिळावी यासाठी माहिती तुम्ही गोपनीय मानली आहे हे कागदावर दिसले पाहिजे. मात्र प्रत्येक पानावर शिक्का मारू नका; नेमके तक्ते आणि रकाने दाखवा, कारण कलम १० नुसार उरलेला भाग वेगळा काढून देता येतो. नोटीस मिळाल्यापासून म्हणणे मांडायला फक्त १० दिवस मिळतात. त्यामुळे वरचे गणित आणि अर्जाची प्रत फाइलमध्ये तयार ठेवा.