डोळा लागण्याआधीची पाच मिनिटं : मुलाला झोपवताना या चुका टाळा

आमचा धाकटा पावणेदोन वर्षांचा होईपर्यंत ओटीवरच्या झोपाळ्यावरच झोपायचा. सासूबाई त्याला मांडीवर घेत, पायाने जमिनीला रेटा देत आणि कड्यांची कुरकुर सुरू झाली की दहा मिनिटांत पोर गाढ. मग श्वास रोखून त्याला माजघरातल्या अंथरुणावर आणून ठेवायचं. साडेअकराला तो उठायचा. दीडला उठायचा, पुन्हा तीनला उठायचा, आणि प्रत्येक वेळी झोपाळाच हवा असायचा. मिरगाच्या पावसाची झड ओटीवर येत असताना मध्यरात्री मी त्याला घेऊन झोके घेतले आहेत. तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. मूल कुठे झोपतं याला फार महत्त्व नाही, डोळा लागताना त्याला कशाचा आधार असतो ते बघायला हवं.

गाढ झोपवून मग अंथरुणावर ठेवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि आपण ती मायेपोटी करतो. या वयात झोपेचं एक चक्र साधारण तासाभराचं असतं. चक्र संपताना मूल अर्धवट जागं होतं. मोठी माणसंही होतात, पण कूस बदलून परत झोपतात आणि सकाळी त्यांना ते आठवतही नाही. मूल मात्र झोके घेत झोपलेलं असतं. जाग येते तेव्हा ना झोका, ना मांडी, ना थोपटणारा हात. मग ते रडतं, कारण झोपेत परत जायची त्याला ठाऊक असलेली एकच वाट बंद झालेली असते. पायावर घेऊन झोपवणं, सुती साडीची झोळी, अंगावर पिता पिता झोपणं, या सगळ्यांत हेच होतं.

उपाय एका रात्रीत करायचा नाही. आम्ही पायऱ्या केल्या. आधी झोके नेहमीसारखेच दिले, पण डोळे जड झाले की तो जागा असतानाच त्याला अंथरुणावर ठेवून थोपटलं. तीन-चार रात्रींनी थोपटणं थांबवून हात नुसता पाठीवर ठेवला. मग हात काढून शेजारी बसले. मग जरा लांब, भिंतीला टेकून, वाटाणे सोलत बसले. प्रत्येक पायरीला तीन-चार रात्री द्या. कुरकुर वाढली तर तिथेच थांबा, पण मागे जाऊ नका.

आणखी एक गैरसमज याला चिकटून येतो. आपलं आपण झोपणं म्हणजे वेगळ्या खोलीत एकट्याने झोपणं, असं अनेकांना वाटतं. आपल्याकडे माजघरात पाच जणांची अंथरुणं लागतात आणि ती खुशाल लागू देत. वर्ष ओलांडलेलं मूल आईच्या शेजारी पडूनही आपलं आपण झोपायला शिकतं.

घरात एकमत नसताना सुरुवात करणं

तिसऱ्या रात्री तो जोरात रडला आणि सासूबाई उठून आल्या. “पोराक कित्याक रडयतंस गो?” म्हणाल्या आणि त्याला उचलून झोपाळ्यावर गेल्या. त्यांचा जीव तुटत होता, त्यात चूक काहीच नव्हती. चूक माझी होती, कारण मी त्यांना आधी विश्वासात घेतलंच नव्हतं. तीन रात्री नाही म्हणून चौथ्या रात्री उचललं की मूल एवढंच शिकतं की जास्त वेळ रडलं की झोपाळा मिळतो. शिवाय सवय मोडताना दुसऱ्या-तिसऱ्या रात्री रडणं आधी वाढतं आणि मगच उतरतं. हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर नेमक्या त्याच रात्री माघार घेतली जाते.

रडत असताना त्याला एकट्याने सोडून द्यायचं, असं माझं म्हणणं नाही. जवळ बसा, एकच वाक्य हळू आवाजात म्हणा. आम्ही “आई इथे आहे, आता निजायचं” एवढंच म्हणायचो. गप्पा नाहीत, दिवा नाही, उचलून फेऱ्या नाहीत. सासूबाईंना आम्ही झोपेआधीची गोष्ट सांगायचं काम दिलं. ते त्यांना मनापासून आवडलं आणि नातवाला त्यांचा वेळही मिळाला.

अंगावर पिणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर झोपवायचं काम काही दिवस बाबांकडेच द्या. १ जूनला मासेमारी बंदी लागते, तेव्हा माझा नवरा रात्री घरी असतो. त्याच्याजवळ दूध मागून मिळणार नाही हे पोराला लवकर उमगलं. फक्त बाबांनी साडेआठला पोराला हवेत उडवायचा खेळ मांडायचा नाही, तो संध्याकाळीच.

दुपार लांबवणं

दुपारी माशाचं जेवण झालं की सगळं घर आडवं होतं. पोरही झोपतं आणि पाचला उठतं. मग नऊला त्याला झोप कुठून येणार? एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३. ही सगळी बेरीज आहे, दुपारी जास्त झालं की रात्रीतून वजा होतं. साडेतीनच्या आत उठवा.

उलट टोकही तितकंच वाईट. डोळे चोळणं, कान ओढणं, उगाच चिडणं ही झोपेची वेळ. जेवण, पाहुणे, मालिका यांत ती निघून गेली की मूल नव्या दमाने घरभर धावू लागतं आणि आपल्याला वाटतं याला झोपच आलेली नाही. मऊभात साडेसातला, मग अंग पुसणं, दात घासणं, शू, गोष्ट, दिवा बारीक. रोज हाच क्रम ठेवा.

उजेड, मोबाईल आणि गेलेली लाईट

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात जास्तीत जास्त एक तास. झोपेआधी तर नकोच, कारण उजेडाने मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दबतं. पावसाळ्यात लाईट गेली की आपण पांढराशुभ्र इमर्जन्सी दिवा मुलाच्या तोंडासमोर लावतो. तो भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात ठेवा. मच्छरदाणी आधीच लावा, बंद खोलीत कॉइलचा धूर नको.

बागुलबुवा

“झोप, नाहीतर गिरो येईल.” आमच्या किनाऱ्यावर भुताखेतांना तोटा नाही आणि मला त्या गोष्टी प्रिय आहेत. पण दोन-अडीच वर्षांच्या मुलाला खरं आणि कल्पनेतलं वेगळं करता येत नाही. ज्या अंधारात त्याने निवांत पडावं अशी आपली इच्छा, त्याच अंधारात आपण भूत बसवतो. हे अगदी करू नका.

बाटली आणि सिरप

दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवल्याने दात किडतात. दूध जेवणाबरोबर द्या, दात घासण्याआधी. सर्दी-खोकल्याचं सिरप मूल झोपावं म्हणून कधीही देऊ नका, त्यात धोका आहे.

मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, तर हा सवयीचा प्रश्न नाही. टॉन्सिल किंवा अ‍ॅडिनॉइड (नाकामागच्या ग्रंथी) वाढलेले असू शकतात. रात्रभर पाय झाडत असेल तर लोह कमी असू शकतं. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

चुकीच्या मुहूर्तावर सुरुवात

दाढा येताना, तापात, धाकटं भावंड आल्या आल्या आणि गणपतीच्या तोंडावर सुरुवात करू नका. चाकरमानी आले की घरात वीस माणसं, घरोघरी आरत्या, उशिरापर्यंत भजनं. त्या दिवसांत मूल झांजांच्या आवाजात कुणाच्याही मांडीवर झोपतं, झोपू द्या. आमची घडी जूनमध्ये बसली होती आणि गणपतीत पार विस्कटली. पाहुणे गेले, त्या रात्री मी परत हात पाठीवर ठेवायच्या पायरीपासून सुरू केलं. चौथ्या रात्री त्याने कूस बदलली, गोधडीचं टोक मुठीत धरलं आणि झोपला. झोपाळ्यापर्यंत मागे जावं लागलं नाही.